औषधाचा गुण

नंदनवन पृथ्वीवर अवतरू शकते, हे सीनाकाठच्या आमच्या गावाने सत्तरच्या दशकात सिद्ध केले. निदान मानपत्रात तसे लिहिले होते, आणि मानपत्र मीच लिहिले होते. गावात पहिली द्राक्षबाग लावणाऱ्या बागाइतदारांचा सत्कार ठरला होता आणि शाळामास्तराचे अक्षर फुकट मिळते.

बागेवर आठवड्यातून दोनदा फवारणी होई. डब्यावर कवटी आणि दोन हाडे छापलेली होती, पण गावात त्याला विष कोणी म्हणत नसे. ते ‘औषध’. द्राक्षे दिसायला धडधाकट; औषधाशिवाय मात्र त्यांचे चार दिवस निभत नसत. फवारणी उरकली की गडी पंप आणि डबे नदीच्या डोहात धुऊन काढत.

त्या डोहात एक म्हातारा भोई जाळे टाकी. मंद्रूपच्या बाजारात मासे विकून त्याचे घर चाले. नेमक्या सत्काराच्या सकाळी डोहातले मासे आपणहून वर आले, पांढरी पोटे आभाळाकडे करून. जाळ्याची गरजच उरली नाही. भोयाने पाटीभर मासे गोळा केले आणि बाजाराऐवजी मांडवात आणून ठेवले. माझे मानपत्राचे वाचन तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आले होते.

“मालक, पंप डोहात धुवू नका. माजं पोट हाय त्येच्यात.”

बागाइतदार हारातून हसले. “आरं म्हाताऱ्या, औषध हाय ते. औषधानं कुणी मरतंय व्हय?”

“मग घ्या की घोटभर,” भोई म्हणाला. “तोंड लई उतरलंय तुमचं.”

मागे कोणीतरी हसू खोकल्यात लपवले. तेव्हा प्रमुख पाहुणे, म्हणजे शेतकीचे विस्तार अधिकारी, उठले. त्यांनी एक मासा शेपटीला धरून उचलला, चष्म्यातून न्याहाळला आणि शास्त्रीय मत दिले, “हा पाण्याबाहेर राहिल्यामुळे मेला आहे.”

टाळ्या पडल्या. मी पुढे वाचू लागलो. ‘जीवमात्रांचे पोशिंदे’ हे शब्द नेमके तिथेच होते. मी ते गाळले नाहीत.

पंप डोहातच धुतले जात राहिले आणि मासे काही परतले नाहीत. बागाइतदारांनी मोठ्या मनाने भोयाला बागेत कामाला घेतले. मचाणावर बसून गोफणीने पाखरे हाकायची, एवढेच काम. एक हंगाम त्याने ते चोख केले. दुसऱ्या हंगामात पाखरे आलीच नाहीत, म्हणून त्याला कामावरून कमी करण्यात आले.