मेहुणी आणि लोखंडातले इलेक्ट्रॉन

माझ्या मेहुणीइतक्या मायेनं लोखंडाबद्दल बोलणारं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचं नाही. शिरड शहापूरच्या शेतकऱ्याची ही धाकटी लेक बंगळूरला एका संशोधन संस्थेत असते. लोखंडाची काही संयुगं भयंकर थंड केली की त्यांतून वीज जराही वाया न जाता वाहते. ती तशी का वाहते, याचं गणित ही मांडते. प्रयोग दुसरे करतात, हिचं सगळं कागदावर आणि संगणकावर. "दाजी, साध्या धातूत इलेक्ट्रॉन आपल्या नादात पळतेत. हितं प्रत्येकजण दुसऱ्याकडं बघून पाऊल टाकतो. म्हणून तर हिशोब लागत न्हाई," असं ती चहा गाळता गाळता सांगते आणि निम्मा चहा ओट्यावर जातो. सुट्टीत आली की तिला एकटीला दुधापाशी ठेवत नाहीत. जवळा बाजारला भाजी आणायला पाठवलं, तर गर्दीत माणसं एकमेकांना चुकवत कशी चालतात हे बघत उभी राहिली आणि रिकामी पिशवी घेऊन प्रसन्न चेहऱ्यानं परत आली. एकदा आखाडा बाळापूरचं स्थळ आलं. हिनंच मुलाला विचारलं, "तुमी कोणाकडं न बघता काही ठरवता का?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "न्हाई, आईकडं बघून." "मंग तुमचं बराबर माझ्या इलेक्ट्रॉनसारखं हाय," ही कौतुकानं म्हणाली. स्थळ पुन्हा आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र ती सगळं सामान घेऊन आली आणि लोखंडाचं नावही काढीना. तिच्या गणितात इलेक्ट्रॉन हलके निघत होते, प्रयोगात जड, म्हणजे ओझं घेतल्यासारखे सावकाश हलणारे. फेलोशिप संपत आली होती. आता कुठंतरी कॉलेजात शिकवीन, म्हणाली. ती चहा नीट गाळू लागली, दूध उतू जाईना, आणि सासूबाई घाबरल्या. "पोरगं बोलूनच न्हाई राहिलं," त्या मला म्हणाल्या.

शेवटी सासरे तिच्याजवळ जाऊन बसले. "सोडायचं तर सोड बाई. पण कुठं चुकलं, तेवढं बघून सोड."

ती पुन्हा गणिताला बसली. अणूतल्या वेगवेगळ्या कप्प्यांतले इलेक्ट्रॉन तिनं सोयीसाठी एकसारखे धरले होते. आता प्रत्येक कप्प्याचा हिशोब वेगळा मांडला, तर काही इलेक्ट्रॉन जड झाले, काही हलकेच राहिले, आणि आकडे प्रयोगाच्या बरेच जवळ आले. सगळं सुटलं नव्हतं, पण वाट दिसत होती. संस्थेनंही मुदत वाढवून दिली.

तिला एसटीत बसवून मी आणि सासरे परत निघालो. वाटेत ते थांबले. मग म्हणाले, "पाव्हणं, ते इलेक्ट्रॉन कशानं तरी दिसतेत का हो?"

"न्हाई, मामा. डोळ्याला तर न्हाईच."

"आन् माझं लेकरू इतके वर्स त्यांच्याकडंच बघून राहिलं," ते म्हणाले, आणि मागं वळून रिकाम्या रस्त्याकडे बघत थोडा वेळ तसेच उभे राहिले.