पाळण्यात आधी वरवंटा

फलटणला एस्टी स्टँडच्या मागे माझं दुकान आहे. लहान मुलांच्या जुन्या वस्तूंचं. पाळणे, पांगुळगाडे, तीनचाकी सायकली, झबली, टोपरी. पूर्वी खेळणीही होती. ती का नाहीत, तेच सांगायला बसले आहे, आणि सांगताना आवाज चढला तर समजून घ्या.

हे दुकान मला कुणी आंदण दिलेलं नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन मी साखर कारखान्याच्या वसाहतीत हिंडायची, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी द्यायची. समोरची बाई म्हणायची पातेलं पातळ आहे, मी म्हणायची साडीचा काठ विरलाय. घासाघीस मी त्या उंबऱ्यांवर शिकले. आलेल्या गाठोड्यातले तान्ह्या मुलांचे कपडे मात्र मी वेगळे काढून ठेवायची. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला आधी जुनंच घालतात, नवं बारशाला. म्हणजे आपल्यातला प्रत्येक जण जगात येतो तोच जुन्या बाजाराचं गिऱ्हाईक होऊन. त्या कपड्यांच्या मागून सायकली आल्या, बदलीवर निघालेल्या फौजी घरांतून पाळणे आले, आणि पाटीचं दुकान झालं.

त्या दिवशी माण तालुक्याकडची एक म्हातारी सकाळपासून दुकानात ठाण मांडून होती. मेंढरं राखण्यात जन्म गेलेली, हाताची बोटं दोरखंडासारखी. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, नातू झाला होता, परवा बारसं होतं. तिला माझा सागवानी पाळणा आवडला होता, मला तिची जिद्द. आम्ही दोघींनी एकमेकींना मनसोक्त नावं ठेवून सौदा जमवला आणि तिने पैशांच्या पिशवीचं तोंड सोडलं, तेवढ्यात जीप थांबली.

माल तपासणारे सरकारी साहेब उतरले. बरोबर एक शिपाई आणि रिकामी पोती. पोती पाहूनच माझं टाळकं सरकलं.

“खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का दाखवा,” साहेब म्हणाले.

“जुनी हायत, साहेब.”

“जुनं असो की नवं, विक्रीला ठेवलं की नियम लागला.”

मी फळीवरचा लाकडी घोडा उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. “ह्यो घोडा माझ्या वयाचा हाय. तीन घरची पोरं ह्याच्यावर बसून मोठी झाली. त्यातला एक आता फौजेत हाय. ह्याला आता कुठं शिक्का मारू, ढुंगणावर?”

शिपाई हसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पोत्याचं तोंड उघडायला लागला.

मी म्हणाले, कोपऱ्यावरच्या नव्या दुकानातली शिक्क्याची मोटार न्या आणि घरी पोहोचेपर्यंत बघा. शिक्का शाबूत राहतो, चाक निघतं. गरिबाच्या पोराने खेळायचंच नाही का? माझा माल, गिऱ्हाईकाची खुशी, मध्ये सरकार कशाला? साहेबांनी शांतपणे उत्तर दिलं, आणि मला शांत माणसाचा फार राग येतो. “रंग चाटतात मुलं, बाई. त्या रंगात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. म्हणून शिक्का.” घोडा पोत्यात गेला. त्याच्यामागून बाहुल्या, खुळखुळे, पत्र्याची आगगाडी.

एवढं करून माणसाने निघावं. पण जाता जाता साहेबांनी पाळण्याच्या दोन दांड्यांमध्ये हात घातला आणि पाळणा हलवायला गेले.

“आरं, रिकामा पाळणा हलवू नगंस!” म्हातारी अशी ओरडली, की साहेबांचा हात जागीच थांबला.

“पाळणा माझ्या नियमात येत नाही,” ते हात तसाच ठेवून म्हणाले. “पण या दांड्यांत अंतर फार आहे. बाळाचे पाय बाहेर येतील आणि मान अडकेल.”

“न्येमात न्हाई, तर बोटं कशाला घालताय?” मी ओरडले. “खेळणी न्हेली, आता माझं गिऱ्हाईक बी न्हेता व्हय?” ह्या पाळण्यात किती पोरं झोपली, त्याची यादीच मी सुरू केली. खोटी नव्हती, थोडी ताणलेली होती.

म्हातारीने पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं. ती गाठ मी पाहिली. आजवर माझा जमलेला सौदा कधी मोडला नव्हता.

“भांडू नगा,” ती म्हणाली. “वरवंटा हाय का घरात?”

बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपरं घालून पाळण्यात घालतात, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी दुकानामागच्या माझ्या स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, चटणीचा वास पुसून काढला, माझ्याच फळीवरचं झबलं टोपरं त्याला घातलं. म्हातारीने तो निजवला आणि झोका दिला. साखळ्या करकरल्या. वरवंटा साहेबासारखा शांत पडून राहिला. मी साहेबांकडे बघून कमरेवर हात ठेवले.

“लेकरू काय गप पडतंय व्हय?” म्हणत म्हातारीने पाळणा तिरका करून हिसडा दिला. वरवंटा सरकला, पायाकडून दोन दांड्यांत शिरला, क्षणभर झबल्यावर लोंबकळला आणि धाडकन खाली आला. साहेबांनी उडी मारली म्हणून त्यांचा अंगठा वाचला.

शिपाई वाकून पाळण्याखाली बघायला लागला. मग म्हातारीच हसली. “आगं बाई, ह्ये तर उतरून एस्टी धराय निघालं!”

मला मात्र हसू येईना. झबल्याची शिवण उसवली होती आणि माझं लक्ष तिथून हलत नव्हतं.

“सौदा मोडला म्हणा,” मी म्हणाले.

“मोडला न्हाई. ह्ये भोक बुजव, मग घीन. पण आजच. परवाला बारसं हाय.”

दुकानात जुन्या बाजेची नवार पडून होती. मी गुंडाळी काढली. म्हातारी मांडी घालून बसली आणि दांड्यांतून नवार ओवायला लागली, एक दांडा आत, एक बाहेर, जन्मभर विणत आल्यासारखी. मी ताणून धरायची, ती गाठ मारायची. दुसऱ्या बाजूला हात पुरेना, तेव्हा तिने मान वर केली.

“आवं सायेब, नुसतं हुबं का? टोक धरा की.”

साहेबांनी धरलं. शिपाई पोत्यावर बसून बघत होता. साहेबांना गाठ मारता येत नव्हती, ती मी शिकवली. रागाने शिकवली, पण शिकवली.

विणून झाल्यावर पुन्हा वरवंटा. या वेळी म्हातारीने तिरका केला, उलटा-सुलटा हिसडला, शेवटी साहेबांनाही हलवायला लावला. वरवंटा हलला नाही. पिशवीचं तोंड सुटलं, पण म्हातारी म्हणाली, “आता इनायची मजुरी माझी बी हाय, कमी कर.” अख्ख्या तालुक्याला घासाघिशीत दमवणारी मी, एका मेंढरं राखणाऱ्या बाईपुढे भाव उतरवून बसले. साहेब पहिल्यांदाच मोठ्याने हसले. पोती मात्र घेऊनच गेले.

एस्टीत चढताना म्हातारी अडली. “पाळणा रिकामा कसा न्हेऊ? वाटंत हलंल.” म्हणून माझा वरवंटाही बरोबर गेला.

त्या आठवड्यात मी मिक्सरमध्ये चटणी केली आणि जेवताना दोघांना शिव्या दिल्या. साहेबांना खेळण्यांसाठी, म्हातारीला वरवंट्यासाठी. खरं सांगायचं तर माझा राग अजून गेलेला नाही. साहेबांकडे जिथे नियम होता, तिथे त्यांनी पोतं उघडलं. जिथे नियम नव्हता, तिथे डोळे उघडले. घोड्यालाही असाच हात लावून, हिसडून बघितलं असतं, त्याचा रंग खरवडून तपासायला पाठवला असता, तर मी स्वतः चहा पाजला असता. आणि रात्री दिवा मालवला, की ते उसवलेलं झबलंही आठवतं. दोन्ही खरं आहे. माझ्याने त्याची तडजोड होत नाही.

बारसं आटोपून म्हातारी आली. घुगऱ्यांचा डबा, हळदकुंकू लावलेला वरवंटा.

“पडला का?” मी डब्याआधी तेच विचारलं.

“कोन, वरवंटा का नातू? दोगं बी ठणठणीत.”

मग तिची नजर रिकाम्या फळीवर गेली. तिने कनवटीच्या पिशवीतून मुठीएवढा लोकरीचा मेंढा काढला. काळा, शिंगं सुतळीची. “ह्यो इक. रंग न्हाई, काय न्हाई. मेंढरू जसं हाय तसंच.”

“आजी, शिक्का लागतो.”

तिने वरवंट्यावरच्या कुंकवावर अंगठा टेकवला आणि मेंढ्याच्या पाठीवर दाबला. “ह्यो घे.”

मेंढा माझ्या गल्ल्यावर बसलेला आहे. नियम विक्रीला ठेवल्यावर लागतो, नुसतं ठेवल्यावर नाही, हे मी साहेबांकडूनच शिकले. पोरं त्याला हात लावतात, आया भाव विचारतात. मीही भाव सांगते, गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. फक्त तो असा सांगते, की कुणी घेऊ नये.