माझ्या वजनाचं गाऱ्हाणं

मी खादाड आहे, हे आधीच सांगून टाकतो. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं ताटात आलं की समोरचा माणूस काय बोलतोय ते मला ऐकू येत नाही. आमच्या घाटकोपरच्या घरात हा कधी दोष नव्हता, उलट गुण होता. मी चाळिशी ओलांडली तरी आई शेजारणींना माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "माझो झील बघ, कसो खात्यापित्या घरचो दिसता." माझं पोट हे तिला मिळालेलं प्रशस्तिपत्रक होतं आणि ते ती सगळ्यांना दाखवायची.

त्याला कारण होतं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते वाळत गेले. मिळेल ते काम केलं, वॉचमनकी केली, पण अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. मी दहावीत असताना ते गेले. आजाराचं नाव आमच्या घरात कोणी नीट घेतलंच नाही. "तुझो बापूस रोडावलो आणि गेलो," एवढंच आई सांगते. तिच्या लेखी बारीक होणं म्हणजे त्या वाटेला लागणं.

गेल्या वर्षी अंधेरीच्या ऑफिसात आरोग्य तपासणी झाली. माझी साखर एवढी निघाली की डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून मान वर करून विचारलं, "तुम्ही इथवर चालत आलात?" गोळ्या सुरू झाल्या, पंधरा किलो उतरवायचा हुकूम झाला. बायकोला त्याच दिवशी सांगितलं. आईला सांगायला स्वयंपाकघरात गेलो तर ती वडे तळत होती. मी तोंड उघडलं आणि तिने त्यात गरम वडा घातला.

तिथून माझी लपवाछपवी सुरू झाली. आई पहाटे उठून तीन पुडांचा डबा भरायची. मी तो ऑफिसात दोन सहकाऱ्यांपुढे सरकवायचो आणि स्वतः काकडी चावत बसायचो. आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं दुसऱ्याने बोटं चाटत खाताना बघणं ही काय शिक्षा आहे ते मला विचारा. घरी आलो की संध्याकाळचं जेवण टाळायला रोज नवी थाप. आज कोणाचा वाढदिवस होता, आज साहेबांनी समोसे मागवले. आमच्या साहेबांनी आयुष्यात कोणाला चहा पाजलेला नाही.

आठ महिन्यांत अकरा किलो गेले. अंधेरीत पोरं माझ्याभोवती जमायची. "सर, झकास! काय खाता काय तुम्ही?" तेच अंग मेट्रोने घाटकोपरला आणलं की जिन्यात शेजारच्या वहिनी आवाज खाली आणून विचारायच्या, "भाऊजी, सगळं ठीक आहे ना?" वीस मिनिटांच्या अंतरात मी तरुणही व्हायचो आणि आजारीही पडायचो. दोन्हीकडे नुसता हसायचो. आतून मात्र संतापायचो. माझ्या अंगावर बोलायचा परवाना यांना कोणी दिला होता?

"सांगून टाक ना एकदाचं," बायको म्हणायची. "त्या काय खाणार आहेत तुला?"

"रविवारी सांगतो," मी म्हणायचो.

एका शनिवारी आई खालच्या शिंप्याकडून माझ्या तीन पँटी घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली.

"शिंपी म्हणता, कंबर दोन दोन इंच आत घेतल्यान. खरा?"

"अगं, सैल होत होत्या."

"तुझो बापूस पण असोच पट्ट्याक भोका पाडीत रवलो. माका म्हणायचो, पट्टोच सैल झालो." तिने पँटींच्या घड्या पुन्हा घातल्या. "उद्या काकाक बोलावलंय."

मुलुंडचे काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ते आले की गाऱ्हाणं होणार, हे सांगावं लागत नाही. देवासमोर नारळ ठेवून घरातला जाणता पुरुष मोठ्याने मागणं मांडतो आणि जमलेले सगळे त्याला "व्हय महाराजा" म्हणून साथ देतात. गप्प बसायची सोय नसते.

रविवारी आमच्या दोन खोल्यांत पंधरा माणसं होती. काकांनी मला पुढे उभं केलं, नारळ ठेवला आणि खडा आवाज लावला.

"बा देवा महाराजा! ह्या झिलाक कोणाची नदर लागली आसात, कोणी काय केला-सवरला आसात, तर ता दूर कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि ह्येचा आंग पयल्यासारखा भरान येऊं दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

माझी बायको माझ्याकडे न बघता म्हणाली. माझी मुलं तर खिदळत, बेंबीच्या देठापासून ओरडली. आईचे डोळे मिटलेले होते. अकरा किलो मी काकड्या चावून घालवले होते, आणि ते परत दे म्हणून मीही हात जोडून म्हणालो, "व्हय महाराजा." मला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त आईची दया आली.

दुपारी कोंबडी-वडे होते. सगळे माझ्याकडे बघत असताना मी दोन वडे खाल्ले आणि हात धुतले.

पाहुणे संध्याकाळी गेले. बायको मुलांना घेऊन खाली उतरली. आई उरलेला रस्सा गरम करत होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"आई, मला तुला काहीतरी सांगायचंय. डॉक्टरांनी..."

"सांगू नको." तिने मागे वळूनही बघितलं नाही. "गोळ्यांची रिकामी पाकिटा माका कचऱ्यात गावतत. आंधळी नाय मी."

मी तिथेच पाटावर बसलो.

"मग आजचं हे सगळं कशाला केलंस?"

"देवाक तरी सांगूक नको?" ती म्हणाली. मग रश्शाचं टोप खाली उतरवून माझ्यासमोर बसली. "तुझ्या बापाशीक शेवटाक ताट दिलंय तर ह्या असा बाजूक सारल्यान. माका ता परत बघूचा नाय. भायर काय करतस ता कर. माझ्यासमोर मातर जेव."

तिने ताट मांडलं. चार वडे, वर रस्सा, बाजूला सोलकढी. वास असा सुटला होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याच वेळी रडू येत होतं. ती माझ्या हाताकडे बघत बसली होती.

मी पहिला वडा मोडला.