कणगीतल्या बाटल्या

शाळा मी दुसरीपर्यंत शिकलो. पण आमच्या गावामागच्या तलावात गाळ कुठे गुडघाभर आणि कुठे बांबू बुडेल एवढा, हे माझ्याइतकं शहापूर तालुक्यात कुणाला ठाऊक नाही. त्यामुळे पाण्यातला पारा शोधणारी बाई माझ्याच होडीत बसली, याचं मला नवल वाटलं नाही.

मुंबईहून लोकलने आटगावला उतरून महिन्यातून एकदा ती यायची. माझ्या नातीच्या वयाची. सांगायची, पारा दूरच्या धुरातून येतो, पावसाबरोबर डोंगरावर पडतो, पाल्यात नि मातीत मुरतो. ओहोळ तो तलावात आणतात. तळच्या गाळात त्याचं रूप पालटतं आणि मग तो माशात शिरतो. बारक्या माशात थोडा, त्यांना खाणाऱ्या मरळीत जास्त. ओहोळ बघितल्याशिवाय तलाव कळत नाही, हे तर मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

भरायच्या बाटलीला ती मला हात लावू द्यायची नाही. स्वतः हातमोजे घालायची. शेवटी एका बाटलीत सोबत आणलेलं शुद्ध पाणी ओतायची आणि तीही तपासायला न्यायची.

"काय गो, तलावावर येऊन घरचंच पाणी भरतेस?"

"ही चुगलखोर बाटली, बाबा. हिच्यात पारा नसायलाच हवा; आपल्याकडून काही लागलं तर हीच सांगेल."

"आमच्याकडं घाण नाय," मी म्हणालो.

दिवाळीनंतर तिने रिकाम्या बाटल्यांचं खोकं माझ्याकडे ठेवलं. दर खेपेला वाहून खांदा भरून यायचा तिचा. "घरातल्या सगळ्यात स्वच्छ जागी ठेवा हं, बाबा." आमच्या घरात तशी जागा एकच, तांदळाची कणगी. तिथे उंदीर नाही, चुलीचा धूर नाही. मी खोकं तांदळावर ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं.

होळीच्या सुमारास ती आली ती तोंड उतरवून. होडीकडे न जाता ओट्यावरच बसली.

"दिवाळीपासूनच्या सगळ्या चुगलखोर बाटल्यांत पारा निघाला. पाणी बदललं, टेबलं धुतली. कुठून येतोय तेच सापडत नाही. सर म्हणतात, सापडलं नाही तर दोन वर्षांच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही. सगळं टाकायचं."

"तुमच्या मुंबईतच काय तरी असंल," मी म्हणालो.

म्हणालो खरा, पण मला कणगी आठवली. तांदळाला कीड लागू नये म्हणून आम्ही बाजारातून पाऱ्याच्या गोळ्या आणतो, फडक्यात बांधून कणगीत ठेवतो. सगळं गाव ठेवतं. आणि खोकं त्यांच्यावरच बसलेलं.

ती चहा न पिता उठली, पिशवी खांद्याला लावली. दारातून म्हातारी, माझी बायको, माझ्याकडे बघत होती.

"थांब गो."

आत जाऊन पुरचुंडी आणली, ओट्यावर ठेवली, सोडून दाखवली. ती दोन पावलं मागे सरली.

"बाबा, खोकं कुठं होतं?"

"तू सांगितलंस तिथंच. सगळ्यात चांगल्या जागी."

ती आधी हसली आणि मग तिचे डोळे भरले. म्हणाली, पाऱ्याची वाफ दिसत नाही, पण प्लास्टिकमधूनही आत जाते. दिवाळीआधीच्या बाटल्या ती स्वतः आणायची, त्यामुळे तेव्हाचं काम वाचलं. नंतरचं मात्र परत करायचं.

"आता तिच्यासाठी होडीची खेप घालशील का रे फुकट?" म्हातारी म्हणाली. "दुसऱ्याला शिकवतोस, आधी ओहोळ बघा म्हणून!"

"कणगीतूनही काढा त्या गोळ्या," बाई म्हणाली.

"इतकी वर्षं खातोय, मेलो नाय," मी म्हणालो. वाद बराच घातला. पुढल्या खेपेला तिने झाकणाची बरणी आणली, गोळ्या तिच्यात बंद करून नेल्या. कणगीत आता निंबाचा पाला असतो.

दिवाळीनंतर पाणी भरलेल्या जागा मी तिला परत दाखवल्या, एकेक, बांबू टेकवून. बाटल्या आता तीच आणते. मी म्हटलं, ठेव माझ्याकडं, ओट्यावर टांगतो. ती नाही म्हणाली. मी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

पावसाळ्याआधी तिचा फोन आला. चुगलखोर बाटली कोरी निघाली होती, पाऱ्याचा मागमूस नव्हता. म्हातारीला मी ते लगेच सांगितलं, आणि जेवताना परत एकदा.