पारसभाऊंच्या दातांचा चौविहार

जळगावात दातांचे दवाखाने काही कमी नाहीत. बाजारात तर दर दुसऱ्या जिन्यावर एक पाटी. तरी साडीवाल्या पारसभाऊंनी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी दातांना तारा बसवल्या त्या थेट धुळ्याला जाऊन. का, तर गावात कुणाला कळू नये. जसे काही तारा बसवलेले दात ते धुळ्यालाच ठेवून घरी येणार होते.

दर महिन्याला ते धुळ्याला निघाले की गल्लीत कुजबुज व्हायची. बायको कुंदन हिचं माहेर धुळ्याचं. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर माणसाला सासरचा एवढा पुळका कुठून आला, हे शेजारच्या सुनंदाबाईंना काही केल्या उलगडेना. मग एका सकाळी शिंदखेड्याकडचे एक म्हातारे गिऱ्हाईक, कौतिक आबा, लग्नाच्या साड्या घ्यायला दुकानात आले. भाव ऐकून काहीतरी विनोद केला आणि पारसभाऊंना हसू आवरलं नाही.

"भाऊ, तोंडमा काय शे?" आबांनी वाकून बघितलं.

झालं. दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला माहीत.

आता पारसभाऊंचं खरं दुखणं सांगायला हवं. त्यांचे वरचे दोन दात लहानपणापासून एकमेकांवर चढलेले. लोकलला जागा मिळाली नाही म्हणून कुणी मांडीवर बसावं तसे, असं त्यांचा शाळासोबती छगन म्हणायचा. आणि छगनने उभ्या आयुष्यात लोकल पाहिलेली नव्हती. तेव्हापासून पारसभाऊ हसले की उजवा हात तोंडावर. डाव्या हातानं साडीचा पदर उलगडायचा, उजव्या हातानं हसू झाकायचं. लग्नाच्या अल्बमात एकाही फोटोत त्यांचे दात दिसत नाहीत. मुलगी पलक पाचवीत असताना तिनं घरच्यांचं चित्र काढलं, त्यात सगळ्यांना तोंडं होती, पप्पांना हात होता. ते चित्र बघून ते रात्रभर तळमळले, आणि पुढच्याच महिन्यात धुळे गाठलं.

दोन वर्षं तारा वागवल्या. फाल्गुनात निघाल्या, आणि खोटं कशाला बोला, माणूस देखणा दिसायला लागला. दुकानात उगाचच हसायचे. भाव सांगताना हसायचे, बिल करताना हसायचे.

तारा काढल्या त्या दिवशी डॉक्टर पुनम यांनी त्यांच्या हातात एक डबी दिली. डबीत पारदर्शक प्लेट, दातांच्या मापाची. पुनम मॅडम शेतकऱ्याघरची मुलगी, बोलणं रोखठोक. म्हणाल्या, "पारसभाऊ, दात सरळ झाले म्हणजे सुधारले असं समजू नका. त्यांना जुनी जागा आठवत असते. निदान वर्षभर रोज रात्री ही प्लेट घालून झोपायचं. एक रात्रही सोडायची नाही."

चार महिने त्यांनी इमानानं घातली. मग लागला चातुर्मास.

या जैन घरात चातुर्मासात चौविहार असतो. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, तोंडात काही म्हणजे काही जायचं नाही. घरातल्या लहानथोरांचा हा नेम जतनबाईंच्या धाकानं चालतो. जतनबाई म्हणजे पारसभाऊंच्या आई. घरात त्यांना बाईच म्हणतात. वय शहात्तर, आणि स्मरण असं की गल्लीतली माणसं आपल्याच घरातल्या तारखा त्यांना विचारायला यायची. कुणाच्या बारशाला किती वाजता पाऊस आला हेही त्या सांगायच्या.

चातुर्मासाच्या पहिल्या संध्याकाळी पारसभाऊ प्लेट धुवायला गेले आणि थबकले. प्लेट ओली. ती तोंडात घालायची, एखादा थेंब घशात गेला तर? नेम मोडला तर? शंका खरी होती, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी आईला विचारलं. जतनबाई परातीत मूग निवडत होत्या.

"बाई, चौविहारात हे तोंडात चालेल का?"

"मला नाही कळत, बेटा. सकाळी स्थानकात महासतीजींना विचार."

एवढंच बोलणं झालं. पारसभाऊंनी त्या रात्री प्लेट डबीत ठेवली. खरं सांगायचं तर बरंच वाटलं त्यांना. प्लेट घातली की बोलताना जीभ अडखळायची, कुंदन हसायची.

सकाळी स्थानकात गेले, तिथं चातुर्मासासाठी साध्वी उतरल्या होत्या. महासतीजींसमोर पंधरा-वीस पुरुष बसलेले. कुणी तत्त्वाचं विचारतंय, कुणी सकाळच्या नवकारसीच्या नेमाचं. त्यांच्यात चव्वेचाळीस वर्षांच्या माणसानं उठून दातांच्या प्लेटीचं विचारायचं? आणि पहिल्या रांगेत छगनचा मोठा भाऊ प्रेमराज. पारसभाऊंनी वंदना केली आणि घरी आले. उद्या विचारू. उद्याही प्रेमराज होता. चार दिवसांनी ते विचारायचं आहे हेच विसरले. किंवा विसरले असं त्यांनी ठरवलं.

"प्लेट घातली का हो?" कुंदन अंथरुणावरून विचारायची.

"हं," पारसभाऊ पाठ वळवून म्हणायचे.

पाच आठवडे गेले. पर्युषणाचे आठ दिवस लागायच्या आधी दुकानातल्या आरशासमोर एका गिऱ्हाईक बाईच्या खांद्यावर पदर लावताना त्यांचं स्वतःकडे लक्ष गेलं. वरचा एक दात कूस बदलून झोपावं तसा वळला होता. घरी येऊन प्लेट घालून बघितली. बसेना. दाबली, तर डोळ्यांत पाणी आलं.

धुळ्याला जायचं म्हटल्यावर कुंदनही निघाली, माहेरी जाऊन येईन म्हणून. दवाखान्यात त्यांच्याबरोबर आतही आली. पुनम मॅडमनी आरसा घालून बघितलं.

"रात्री घालत होतात ना?"

उजवीकडे कुंदन उभी. जिला पस्तीस रात्री 'हं' म्हटलं ती. पारसभाऊंच्या तोंडून निघून गेलं, "चातुर्मास आहे ना मॅडम. चौविहार. बाईंनी घालू नको सांगितलं."

कुंदन बघतच राहिली. "आणि मला हो-हो म्हणत होतात?"

"तुला सांगितलं असतं तर तुमच्या दोघींत वाद झाला असता."

बघा, एक खोटं बोललं तर दुसरं कसं सासूसुनेच्या भल्याचं होऊन बाहेर पडलं. पुनम मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या, "जाऊ द्या. आजींचं वय झालं, त्यांना कसं कळणार? पण आता पुन्हा तारा लावाव्या लागतील. सहा-सात महिने."

परतताना गाडीत कुंदन पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. पारसभाऊंना वाटलं, मिटलं.

घरी आल्यावर कुंदननं पायातली चप्पलही नीट काढली नाही. "बाई, यांना प्लेट घालू नका असं तुम्ही सांगितलंत?"

जतनबाई माळ जपत होत्या. त्यांनी लेकाकडे बघितलं. "मी सांगितलं?"

इथं पारसभाऊंना गप्प बसता आलं असतं. एवढी तरी सोय होती. पण ते म्हणाले, "आठवत नाही का तुम्हाला? पहिल्या दिवशी."

जतनबाईंच्या हातातली माळ थांबली. बराच वेळ त्या आठवत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सांगितलं असेल. तू म्हणतोस तर सांगितलं असेल."

त्या दिवसापासून घरात काहीतरी बिघडलं. जतनबाई स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आणि गॅस बंद केला का बघायला परत जायच्या. पलकला विचारायच्या, "काल तुझ्याशी मी काय बोलले गं?" इंदिराबाई म्हणून एक जुनी मैत्रीण नातवाची जन्मतारीख विचारायला आली, तर जतनबाई म्हणाल्या, "तू कागदावर बघ बाई, माझं काही खरं नाही." कुंदननं काळजीपोटी सासूबाईंच्या औषधांची डबी स्वतःकडे घेतली. दोन दिवसांनी कपाटाची किल्लीही. जतनबाईंनी कमरेची किल्ली मुकाट्यानं सोडून दिली. पारसभाऊ तेव्हा समोर बसून पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण त्यांना त्यातलं एक अक्षर दिसलं नाही.

सुनंदाबाईंनी येऊन धीर दिला, त्यांच्या पद्धतीनं. "असंच सुरू होतं हो. आमच्या आत्याबाई पुढं पुढं तर आरशाला चहा विचारायच्या."

आणि जतनबाईंनी नऊ आयंबिलं धरली. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, आणि तेही बिनमीठ, बिनतेल, बिनतुपाचं. का, तर आपल्या बोलण्यानं पोराचे दात वाकडे झाले. दुपारी पाटावर बसून त्या उकडलेले मूग आणि कोरडी भाकरी पाण्याबरोबर गिळायच्या. पारसभाऊ त्या वेळी दुकानातून जेवायला यायचे, ते यायचे बंद झाले. गिऱ्हाईक आहे म्हणून निरोप पाठवायचे. दुकानात गादीवर बसून डबा उघडला की भाजीच्या वासानं त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं. दर दुपारी ठरवायचे, आज घरी गेलो की सांगतो. दर संध्याकाळी आईचा चेहरा बघितला की वाटायचं, आता सांगितलं तर दातांचं राहील बाजूला, सात दिवस गप्प का बसलास याचं काय उत्तर देऊ?

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, आली. दिवसभर उपास, संध्याकाळी प्रतिक्रमणाचा पाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर क्षमापना. ज्याला त्याला हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं, वर्षभरात जे चुकलं त्याची माफी मागायची. पारसभाऊंनी त्या सकाळी शंभर जणांची माफी मागितली असेल. फोनवरून, दारात, जिन्यात. प्रेमराजची मागितली, ज्याचं त्यांनी काहीच वाकडं केलं नव्हतं. हे शब्द किती भराभर निघतात याचं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

बैठकीत कुंदन होती, पलक होती, सुनंदाबाई प्रसादाच्या निमित्तानं येऊन बसल्या होत्या. जतनबाई आतून आल्या. पारसभाऊ पाया पडायला वाकणार तोच त्यांनीच लेकापुढं हात जोडले.

"पारस, तुझे दात माझ्यामुळं बिघडले. माझ्या ध्यानातही राहिलं नाही मी काय बोलले ते. मला माफ कर, बेटा."

पारसभाऊंनी ते जोडलेले हात धरले. "बाई, हात खाली घ्या. तुम्ही नाही सांगितलं."

"काय नाही सांगितलं?"

"घालू नको असं. तुम्ही महासतीजींना विचार म्हणालात. मी विचारलं नाही. लाज वाटली. आणि धुळ्याला तुमचं नाव पुढं केलं."

सुनंदाबाई सुद्धा बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

"म्हणजे मी विसरले नव्हते," जतनबाई म्हणाल्या. त्यांना आधी तेवढंच ऐकू आलं होतं. खांदे सैल पडले, डोळे मिटले. मग उघडले तेव्हा मात्र पारसभाऊंना आपण पलकएवढे असल्यासारखं वाटलं.

"मला विचारलंस, आठवत नाही का म्हणून. माझ्या तोंडावर."

"हो."

"दात गेले असते तर चाललं असतं. माझं डोकं गेलं असं मला वाटायला लावलंस तू. रोज रात्री देवाला विचारत होते, आता उद्या काय विसरणार."

पारसभाऊंनी मिच्छामि दुक्कडम् म्हणायला तोंड उघडलं. आईनं हातानंच थांबवलं. "ते सगळ्यांना म्हणून झालंय तुझं. जिथं माझं नाव घेतलंस तिथं जाऊन सांग. मी बरोबर येते."

कुंदननं किल्ली आणून सासूबाईंपुढं ठेवली. त्यांनी घेतली, पण सुनेकडे बघितलं नाही. आयंबिलं मात्र सोडली नाहीत, नऊ दिवसांची प्रतिज्ञा घेतली होती. "पच्चक्खाण घेतलंय. पूर्ण होणार." उरलेले दिवस पारसभाऊ दुपारी दुकान सोडून आले आणि समोर बसून राहिले. बसायला कुणी सांगितलं नव्हतं, उठायलाही सांगितलं नाही. मधल्या एका सकाळी जतनबाईंनी स्वतःच महासतीजींना प्लेटीचं विचारून घेतलं. दिवस असताना कोरडी पुसून घालावी, सकाळी काढावी. उत्तराला अर्धं मिनिटही लागलं नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात गर्दी होती. पुनम मॅडमनी खुर्ची मागं केली, दिवा तोंडावर घेतला. जतनबाई स्टुलावर टेकल्या.

"मॅडम, आधी एक सांगायचंय," पारसभाऊ आडवे पडूनच म्हणाले. दिव्यामुळं त्यांना कुणाचा चेहरा दिसत नव्हता. "मागच्या वेळी मी आईंचं नाव सांगितलं. त्यांनी नको म्हटलं नव्हतं. माझाच कंटाळा होता."

मदतनीस मुलीच्या हातातला ट्रे वाजायचा थांबला. दार उघडंच होतं. बाहेर बाकावरच्या बायका आपापसात बोलत होत्या, त्या वाकून आत बघू लागल्या.

पुनम मॅडम आजींकडे वळल्या. "आजी, मीही तुमच्या वयावर बोलले होते. चुकलंच माझं."

"तुमचं काय त्यात?" जतनबाई म्हणाल्या. "तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही खरं धरलं. मी पण धरलं होतं."

मॅडम म्हणाल्या, "आ करा." पारसभाऊंनी तोंड उघडलं, आणि आता तासभर बोलावं लागणार नाही याचं त्यांना मनापासून बरं वाटलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानांकडे ओघळलं.

"दुखतंय का?" मदतनीस मुलीनं विचारलं.

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. अजून काही लावलंच नव्हतं.