केशकालचा घाट

नव्या रायपूरला आमचं ऑफिस हललं, तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर अमरावतीकडचा एक जण आला. मी सायकलनं कन्याकुमारीला निघाले, तर तोही निघाला. नवी सायकल, तिच्याच रंगाचे हातमोजे. दुसऱ्या दिवशी कांकेरच्या बसस्टँडवर त्यानं सायकल बसच्या टपावर चढवली.

"दीदी, घुडगा दुखून राहिला. तुम्ही व्हा समोर."

मी झाले. राग नव्हता, सुटल्यासारखंच वाटलं. वाटेत अधूनमधून फोन करून मी त्याला खुशाली सांगत राहिले, हा माझा मूर्खपणा.

परतले तेव्हा तो व्याख्यानं देत होता. रायपुरातच, तेलीबांध्याच्या एका हॉलमध्ये मी मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसले. आंध्रात माझ्या पोटरीला चावलेलं कुत्रं त्या संध्याकाळी त्याच्या पोटरीला चावलं. दवाखान्याबाहेर मला मोसंबी सोलून देणारी बाईही त्यानं उचलली होती, आणि मोसंबीची संत्री करून टाकली होती. खोटं बोलायला थोडी मेहनत लागते. याला तेवढीही करायची नव्हती.

बाहेर गाठून मी विचारलं, "माझं कुत्रं तुला काहून चावलं?"

तो हसला. "दीदी, आपलं काय वेगळं आहे? लोकायले चांगलं वाटते."

त्याला लाज वाटली नाही, हे मला त्याच्या चोरीपेक्षा किळसवाणं वाटलं.

पुढे मी पुस्तक लिहिलं. प्रकाशकानं वाचून फोन केला. "यातले बरेच प्रसंग त्यांच्या व्याख्यानातले दिसतात." मी प्रवासात काढलेले फोटो आणि इंजेक्शनांचा कागद पाठवला. प्रकाशक वरमला, पण प्रस्तावना त्यांचीच घ्या म्हणाला. नाव झालं होतं ना त्याचं.

मी हो म्हटलं. दोन पानं आली. त्यात एक वाक्य होतं : "केशकालचा घाट आम्ही दोघं सुसाट उतरलो." कांकेरहून पुढे जाताना तो घाट चढावा लागतो. मी तो एकटीनं, निम्मा सायकल ढकलत चढले होते, आणि तसं पहिल्याच प्रकरणात लिहिलंही होतं.

मुद्रितं माझ्याकडे तपासायला आली तेव्हा मी त्याच्या पानांतला एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. ते वाक्य तसंच जाऊ दिलं. प्रकाशन समारंभात त्यानं तेच वाक्य माइकवर मोठ्यानं वाचलं, आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे कांकेरचे काका शेजारच्याला म्हणाले, "हा पोट्टा तिकडे गेलाच नाही."