मॅडमनी ब्युरेट पुढे केली तेव्हा

कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून आठवडाभर आमची तालीम चालली होती. विभागप्रमुख सर प्रश्न विचारायचे, आम्ही उत्तरं द्यायचो. "प्रॅक्टिकल्स नियमित होतात का?" "हो सर, दर आठवड्याला." सेकंड इयर अर्धं संपत आलं होतं आणि केमिस्ट्री लॅबचं कुलूप आम्ही एकदाही उघडलेलं पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी लॅबमध्ये ताज्या रंगाचा वास होता. समितीतल्या एक वयस्क मॅडम माझ्यासमोर थांबल्या.

"टायट्रेशनचं प्रॅक्टिकल केलंयस?"

"हो मॅडम."

"मग ही ब्युरेट लावून दाखव."

काचेची ती लांब नळी हातात आली. ती धरायची कशी, तेही कळेना. मॅडममागून सर डोळ्यांनी काहीतरी खुणावत होते. नळी फुटेल या भीतीने मी ती टेबलावर ठेवली.

"मॅडम, मी खोटं बोलले. आम्ही हे कधी केलेलं नाही. लॅब आजच उघडलीय."

मॅडम मान हलवून पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आईला गावाहून, नेऱ्याहून बोलावून घेतलं. केबिनमध्ये ती खुर्चीच्या कडेला बसली होती.

"कॉलेजची अब्रू घालवली हिने. उद्या वर्गासमोर सांगायचं, घाबरून चुकीचं बोलले. नाहीतर दाखला घेऊन जा."

"पोर हाय सायेब, चुकली असंल," आई म्हणाली आणि तिने माझं मनगट दाबलं.

"सर, घाबरले होते, हे सांगेन. चुकीचं बोलले, असं नाही सांगणार."

"उद्या वर्गासमोर बघू," म्हणत प्राचार्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

परतीच्या एसटीतून गावात उतरताना आई म्हणाली, "खरं बोललीस ना?"

"हो."

"मंग उद्या रडू नको. रडलीस तर त्यांना वाटंल, चुकलीस."

वर्गात मी उभी राहिले. प्राचार्य दारातच उभे होते. "मी घाबरले होते," एवढंच मी म्हणाले आणि थांबले. ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. सगळा वर्ग खाली मान घालून बसला होता. मी रडले नाही. शेवटी ते निघून गेले.

दाखला काही हातात आला नाही, पण रोज वाटायचं, आज येईल. बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. महिन्याभराने लॅब आठवड्यातून एकदा उघडायला लागली. का, ते कुणी सांगितलं नाही.

मग एका दुपारी माझी जुनी मैत्रीण डबा घेऊन शेजारी येऊन बसली. "तुझ्याजवळ बसले तर सर इंटर्नलचे मार्क कापतील, असं वाटलं होतं गं," ती म्हणाली.

"आता नाही वाटत?"

"वाटतं," ती म्हणाली आणि तिने डबा उघडला.